हार्लेक्विनच्या गल्ल्यावर जगलेला शेक्सपिअर

तिसरी घंटा

इंग्रजी रंगभूमीचा इतिहास आपल्याला शिकवला जातो तो नाटककारांच्या नावांनी. शेक्सपिअर, काँग्रीव्ह, शेरिडन आणि मग एकदम शॉ. या नावांच्या मधल्या काळातही लंडनच्या थिएटरांत रोज रात्री दिवे लागत होते आणि माणसं तिकिटं काढून आत जात होती. ती काय बघायला जात होती, याचं उत्तर त्या पुस्तकांत फारसं मिळत नाही. ती जात होती पँटोमाइम (मूकाभिनय, गाणी आणि कसरतींचा विनोदी खेळ), जादूचे देखावे, समुद्र, आगी आणि घोडे बघायला. हा सगळा प्रकार 'खऱ्या' नाटकाचा गळा घोटणारा होता, असं तेव्हाचे जाणकार म्हणत आणि आजही म्हटलं जातं. माझं मत उलट आहे. या तमाशाने थिएटरं जगवली, आणि त्याच थिएटरांत हॅम्लेट आणि लिअर उभे राहत होते.

सुरुवात जॉन रिचपासून करतो. १७१४ साली वडील वारले आणि लिंकन्स इन फील्ड्सचं थिएटर त्याच्या हाती आलं. संवादफेक हे त्याचं अंग नव्हतं. त्याने कॉमेदिया देल आर्ते या मुखवट्यांच्या इटालियन विनोदी नाट्यप्रकारातला हार्लेक्विन हा खोडकर नोकर उचलला. ठिगळाठिगळांचा पोशाख, काळा मुखवटा, हातात लाकडी फळी. 'लुन' हे नाव घेऊन, तोंडातून अवाक्षर न काढता तो रंगमंचावर वावरू लागला. त्याचा सर्वांत गाजलेला प्रवेश अंड्यातून बाहेर येण्याचा. आधी कवचाला बारीक तडा जातो. मग आतल्या जीवाची पहिली हालचाल, पाय जमिनीला चाचपतो, सरळ उभं राहायला शिकतो, आणि शेवटी रिकाम्या कवचाभोवती हार्लेक्विनची ती चपळ गिरकी. ना शब्द, ना मोठा देखावा. ज्यांनी पाहिलं त्यांना म्हातारपणीही त्याची एकेक हालचाल सांगता येत होती.

खरी चुरस लागली १७२३ मध्ये. नोव्हेंबरात ड्रूरी लेन या प्रतिस्पर्धी थिएटरने हार्लेक्विनला डॉक्टर फाउस्टस, म्हणजे सैतानाला आत्मा विकणारा पंडित, करून पँटोमाइम आणला. महिन्याभरात रिचने त्याच कथेवर 'द नेक्रोमॅन्सर' उभा केला आणि शेवटी फाउस्टसला थेट राक्षसी ड्रॅगनच्या जबड्यात टाकलं. गर्दी लोटली. पुढच्याच वर्षी चित्रकार होगार्थने खोदचित्रं काढून लोकांच्या अभिरुचीचे वाभाडे काढले. कवी अलेक्झांडर पोपने 'डन्सिअड' या उपहासकाव्यात रिचला बसवलं ते कागदी बर्फ आणि वाटाण्यांच्या गारांच्या वर्षावात. (गारांचा आवाज काढायला तेव्हा खरोखर वाटाणे वापरत.)

संध्याकाळची रचनाही समजून घ्यायला हवी. आधी मुख्य नाटक, मग उत्तरार्धाचा खेळ, आणि तो बहुतेकदा पँटोमाइम. मुख्य नाटकाचा तिसरा अंक संपला की निम्म्या दरात आत सोडत. दिवसभर दुकानात राबलेला माणूस त्या वेळी येई, त्याला हार्लेक्विन मिळे. त्याच्या त्या निम्म्या पैशांवर पाच अंकी शोकांतिकेचे खर्च भागत.

ड्रूरी लेनचा नट आणि चालक डेव्हिड गॅरिकला हे पक्कं ठाऊक होतं. शेक्सपिअरचा एवढा मोठा भक्त दुसरा झाला नाही. १७५० च्या सप्टेंबरात ड्रूरी लेनचा हंगाम सुरू करताना त्याने प्रेक्षकांना पद्यातच बजावलं: ही जागा शेक्सपिअरसाठी आहे, पण लिअर आणि हॅम्लेटला खुर्च्या रिकाम्या राहणार असतील, तर नाइलाजाने आम्हीही हार्लेक्विन आणू. आणि १७५९ च्या ३१ डिसेंबरला त्याने स्वतःच लिहिलेला पँटोमाइम आणला, 'हार्लेक्विन्स इन्व्हेजन'. त्याच्या शेवटी शेक्सपिअर वर येतो आणि हार्लेक्विन खाली जातो. म्हणजे हार्लेक्विनवर शेक्सपिअरचा विजय दाखवायलासुद्धा गॅरिकला पँटोमाइमच करावा लागला!

त्याच गॅरिकने १७७१ मध्ये लंडनला आलेल्या स्ट्रासबर्गच्या फिलिप जेम्स द लूदरबर्ग या चित्रकाराला वर्षाला ५०० पौंडांवर नेमलं. तोवर देखावा म्हणजे दोन्ही बाजूंना समोरासमोर सारख्या विंगा आणि मागे एक रंगवलेला पडदा. लूदरबर्गने ती सममिती मोडली. डोंगराचे, झाडांचे वेगवेगळे तुकडे पुढेमागे उभे केले, दिव्यांपुढे रंगीत रेशीम लावलं, जाळीदार कापडामागून चंद्र आणि धुकं आणलं. १७७९ च्या 'द वंडर्स ऑफ डर्बीशर'साठी तो स्वतः डर्बीशरला जाऊन डोंगर-गुहांची रेखाटनं करून आला. प्रकाशयोजनाकार म्हणून आज ज्याला आपण पुरस्कार देतो, त्या कामाचा हा मूळपुरुष आहे, आणि त्याने ते काम पँटोमाइमसाठी केलं.

आणखी बरंच आहे, प्रतिसादांत लिहीन.

गिरगावकर

उत्तम धागा. एक शंका. रिचचं समजलं, त्याला बोलणं जमत नव्हतं. पण पुढे शंभर वर्षं इतक्या थिएटरांना मुकं राहायची हौस का होती? इंग्रजांना तर भाषणबाजीचं वेड.

तिसरी घंटा

@गिरगावकर, हौस नव्हती, कायदा होता. राजा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर आला तेव्हा त्याने नाटक करायचा अधिकार दोनच माणसांना दिला, किलिग्रू आणि डॅव्हनंट. त्या सनदा पुढे ड्रूरी लेन आणि कॉव्हेंट गार्डनकडे आल्या. उन्हाळ्यापुरती हेमार्केटला सवलत मिळाली. बाकी कोणीही गद्य-पद्य संवादांचं नाटक करायचं नाही. त्यात १७३७ मध्ये पंतप्रधान वॉलपोलने कायदा कडक केला, कारण रंगमंचावरून त्याची टिंगल होत होती. तेव्हापासून प्रत्येक संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीतून पास व्हायला लागली.

मग सॅडलर्स वेल्स, रॉयल सर्कस अशा छोट्या थिएटरांनी काय करावं? गाणं चालेल, नाच चालेल, कसरत चालेल, घोडा चालेल. साधा संवाद नाही. १८०९ मध्ये नट-व्यवस्थापक एलिस्टनने रॉयल सर्कसला मॅकबेथ केलं ते संगीतावर, मूकाभिनयात आणि यमकांत. जे अभिनयातून सांगता येत नव्हतं ते कापडी फलकांवर लिहून प्रेक्षकांपुढे धरत. माझ्या मते लंडनच्या नटांच्या अंगात जी विलक्षण बोलकी हालचाल आली, ती या तोंडबंदीमुळे. ही मक्तेदारी १८४३ मध्ये उठली.

आणि सॅडलर्स वेल्सने याच बंदीतून काय काढलं पाहा. थिएटरच्या शेजारून न्यू रिव्हर नावाचा पाण्याचा कालवा वाहत होता. १८०४ मध्ये धाकट्या चार्ल्स डिब्डिनने रंगमंचाखाली सुमारे ९० फूट लांब, तीन फूट खोल टाकी बांधून त्यात ते पाणी घेतलं. पहिला खेळ जिब्राल्टरच्या वेढ्याचा. प्रमाणात लहान केलेली लढाऊ जहाजं, त्यांवर बारक्या तोफा, आणि बुडणारे स्पॅनिश खलाशी म्हणून पाण्यात हातपाय मारणारी लहान मुलं. मुलं का, तर जहाजांच्या मापाला ती बरोबर बसत होती. पडदा वर गेला की समोर खरं पाणी! लंडन वेडं झालं.

संहिता

लेख आवडला, पण मूळ मुद्दा मला पटलेला नाही.

पँटोमाइमने नाटक जगवलं म्हणता. मग १७२८ चं 'द बेगर्स ऑपेरा' विसरून कसं चालेल? ड्रूरी लेनने नाकारलेलं जॉन गेचं ते हस्तलिखित रिचने घेतलं, पहिल्याच हंगामात ६२ प्रयोग झाले. रिचला १७३२ मध्ये कॉव्हेंट गार्डनचं नवं थिएटर बांधण्याचं बळ आलं ते या यशानंतर. त्यात ड्रॅगन नव्हता. धारदार लिहिलेले शब्द आणि लोकांच्या ओठांवरच्या चाली होत्या.

दुसरं, देखाव्याची भूक थिएटरांचा आकार वाढवत गेली. १७९४ चं नवं ड्रूरी लेन ३६०० हून जास्त प्रेक्षकांचं होतं. सेरा सिडन्ससारख्या अभिनेत्रीने त्याला ओसाड रान म्हटलं. एवढ्या जागेत कुजबुज कशी पोचणार? डोळ्यांतला बदल कोणाला दिसणार? नाटककार जोआना बेलीने तेव्हाच लिहून ठेवलंय की या अवाढव्य थिएटरांत सूक्ष्म अभिनयाचं नाटक जगू शकत नाही. शब्द ऐकू येईनात म्हणून आणखी देखावा, देखावा चालतो म्हणून आणखी मोठं थिएटर. १८११ मध्ये कॉव्हेंट गार्डनने 'ब्लूबिअर्ड'मध्ये आणि पाठोपाठ 'टिमूर द टार्टर'मध्ये खरे घोडे आणले. शेक्सपिअरच्या सनदेवर चालणारं थिएटर! त्या काळात लिहिणाऱ्या कवींनी रंगभूमीकडे पाठ फिरवली, ती उगीच नाही. हा तोटा तुमच्या हिशेबात कुठे धरलाय?

अवकाळी

संहिता +१. बाकी माहिती जबरदस्त, वाचतोय.

तिसरी घंटा

संहिताताई, थिएटरांच्या आकाराबद्दल तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. त्या मोठ्या इमारतींनी संवादी अभिनयाचं नुकसान केलं. पण त्या मोठ्या झाल्या त्या मक्तेदारीमुळे. वाढत्या लंडनला दोनच परवानाधारक थिएटरं, मग मालकांनी भिंती बाहेर सरकवल्या. पँटोमाइमला एवढी जागा लागत नव्हती, हे ग्रिमाल्डीने सिद्ध केलं.

जोसेफ ग्रिमाल्डीचा जन्म १७७८ चा. वडील ड्रूरी लेनचे बॅलेमास्तर, हा पोरगा तिसऱ्या वर्षी रंगमंचावर. १८०६ च्या २९ डिसेंबरला कॉव्हेंट गार्डनला टॉमस डिब्डिनचा 'हार्लेक्विन अँड मदर गूज' लागला. मालकांनी या वेळी देखाव्यांवर फारसा खर्चच केला नव्हता. ना झगमगाट, ना मोठी मिरवणूक. ९२ प्रयोग झाले. पांढराफटक चेहरा, गालांवर लाल त्रिकोण, विचित्र शेंडी. तोवर नायक हार्लेक्विन असायचा. ग्रिमाल्डीने क्लाउनला नायक केलं.

त्याची खासियत वस्तूंतून माणसं उभी करण्याची. एका पँटोमाइममध्ये तो भाजीबाजारात शिरतो, गाजरं, नवलकोल, कोबी असं एकेक उचलून एक पूर्ण पुतळा रचतो. पुतळा जिवंत होऊन त्याच्याशीच मुष्टियुद्धाला उभा राहतो. दुसऱ्यात तो घोडदळाच्या ऐटबाज हुसारची नक्कल करतो आणि बूट म्हणून पायांत घालतो कोळशाच्या बादल्या. नेपोलियनशी लढाया चालू असताना, सैनिकी डौलाची अशी खिल्ली उडवायची! संवादाचं नाटक असतं तर लॉर्ड चेंबरलेनच्या कारकुनाने लाल रेघ मारली असती. कोळशाच्या बादलीवर रेघ कुठे मारणार? राजकीय बोचरेपणा त्या शतकात मला संहितांपेक्षा इथे जास्त सापडतो.

आणि गाणं. भाजलेली सफरचंदं विकणाऱ्या म्हातारीवरचं त्याचं गाणं फार गाजलं. म्हातारीला थंडी वाजते, ती घसा ओला करायला काय घेते, तिथे ग्रिमाल्डी यमकाच्या तोंडावर थांबायचा. वरच्या गॅलरीतून एकच आरोळी, 'जिन!' मग तो प्रचंड दुखावल्याचा चेहरा करून प्रेक्षकांकडे बघायचा, की हे काय बोलता तुम्ही! गॅलरीपर्यंत काहीच पोचत नाही म्हणता त्याच काळात हा माणूस गॅलरीकडून संवाद म्हणवून घेत होता.

'बेगर्स ऑपेरा'बद्दल एवढंच म्हणेन की नाकारलेलं हस्तलिखित हाती घ्यायची छाती रिचकडे होती, आणि पाच वर्षांपूर्वी फाउस्टसच्या खेळाने प्रेक्षकांना त्याच्या थिएटरची वाट दाखवलेली होती.

विंगेतून

मी सेट लावणाऱ्यांपैकी. तुमच्या सगळ्या चर्चेत पडद्यामागचे कुठेच नाहीत म्हणून लिहितो.

हार्लेक्विन फळी आपटतो आणि पालखीची कोंबड्यांची खुराडी होते, घराचं दुकान होतं. हे कोण करायचं? सुतार. इंग्रजी रंगमंचावर वर-खाली खाचा असलेल्या चौकटी असत, त्यांतून देखाव्याच्या फळ्या सरकत. शिट्टीबरोबर दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकाच श्वासात ओढायचं. एक जण अर्धा क्षण मागे राहिला तर अर्धं घर आणि अर्धं जंगल.

स्टार ट्रॅप बघा. रंगमंचाच्या फळ्यांत तारेच्या आकाराचं भोक. त्रिकोणी झडपा, टोकं मध्ये जुळलेली, कडेला चामड्याची बिजागरी. खाली तळघरात एका छोट्या फळीवर नट उभा. फळीला दोर, दोराला वजनं. खूण झाली की माणसं वजन सोडून दोर खेचतात आणि नट झडपा फोडून हवेत उडतो. झडपा तिथल्या तिथे पडून बंद होतात, तो त्यांच्यावरच उतरतो. हात अंगाला चिकटलेले नसले तर खांदा जायचा. वजन कमी पडलं तर अर्धवट बाहेर येऊन अडकायचा. देखाव्यातल्या खिडकीतून हार्लेक्विन सूर मारतो तेव्हा मागे चार माणसं घोंगडी ताणून उभी. ती घोंगडी हा त्याचा सगळा विमा.

ग्रिमाल्डीचं शरीर चाळिशीतच संपलं. १८२८ च्या जूनमध्ये ड्रूरी लेनला निरोपाचा प्रयोग झाला, तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं. खुर्चीत बसून गायला तो. आणि आग. १८४४ च्या डिसेंबरात त्याच ड्रूरी लेनला क्लॅरा वेब्स्टर नाचत असताना तिच्या झग्याने दिव्यामुळे पेट घेतला, तीन दिवसांनी ती गेली. सॅडलर्स वेल्सच्या पाण्याचं कौतुक केलंत, तिथेच १८०७ च्या ऑक्टोबरात 'आग' अशी खोटी ओरड झाली आणि चेंगराचेंगरीत १८ माणसं मेली. देखाव्याचा हिशेब मांडताना कोणी शेक्सपिअरचा फायदा बघतं, कोणी तोटा. आम्ही हे बघतो.

संहिता

विंगेतून, हा प्रतिसाद या धाग्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. क्लॅरा वेब्स्टरचं माहीत नव्हतं.

सांगलीकर

आपल्याकडचे दुवे कोणीच जोडले नाहीत म्हणून थोडं.

१८११ च्या नाताळात कॉव्हेंट गार्डनच्या पँटोमाइमचं नाव होतं 'हार्लेक्विन अँड पद्मनाबा'. त्यात खरा हत्ती होता, हिंदुस्थानातून नेलेला, नाव चुनी. पुढे तो स्ट्रँडवरच्या एक्झेटर चेंज या प्राणिसंग्रहात, माडीवरच्या पिंजऱ्यात राहिला. १८२६ मध्ये तो बिथरला तेव्हा सैनिक बोलावून त्याला पिंजऱ्यातच गोळ्या घातल्या. दीडशेच्या आसपास गोळ्या लागल्या म्हणतात. विंगेतून यांच्या यादीत तोही हवा.

फिलिप अॅस्टलीच्या घोड्यांच्या रिंगणात टिपू सुलतानाच्या लढाया नाटक म्हणून दाखवत. श्रीरंगपट्टणच्या बातम्या लंडनच्या सामान्य माणसाने जेवढ्या वाचल्या तेवढ्याच तिथे दारूच्या धुरात बघितल्या, आणि टिपूची त्यांच्या मनातली प्रतिमा तिथेच पक्की झाली.

उलट दिशेचा प्रवासही आहे. १८४६ मध्ये मुंबईला ग्रँट रोडवर थिएटर उभं राहिलं, त्यामागे नाना शंकरशेट होते. विष्णुदास भाव्यांची मंडळी १८५३ मध्ये तिथे खेळ करायला गेली तेव्हा त्यांना रंगवलेले पडदे आणि विलायती थाटाचा रंगमंच मिळाला. पुढे पारशी कंपन्यांनी ट्रॅप, उडते देव, क्षणात पालटणारे देखावे हे सगळं व्हिक्टोरियन रंगमंचावरून घेतलं, आणि त्यांच्याकडून ट्रिकसीन मराठी कंपन्यांकडे आले.

थेम्सकाठी

मी इथे लंडनजवळ राहते. डिसेंबरात मुलांना पँटोला नेतो. तिथे हार्लेक्विन नाही, त्याची प्रेयसी कोलंबाइन नाही, मुकेपणा तर अजिबात नाही. पुरुष म्हातारीच्या वेशात, मुलं घसा फोडून 'तो तुझ्या मागे आहे' ओरडतात. हे कधी बदललं? आणि ती जुनी यंत्रं कुठे बघायला मिळतात का?

तिसरी घंटा

सांगलीकर, चुनीचं लिहिलंत, मनापासून आभार.

@थेम्सकाठी, १८४३ नंतर बोलायची मुभा आली आणि मुक्या खेळाचं कारणच संपलं. नाटककार प्लॅन्शेने नटी मादाम व्हेस्ट्रिसच्या लायसियम थिएटरमध्ये परीकथांना कोट्यांनी भरलेले संवाद दिले. तिथेच १८४९ मध्ये देखावे रंगवणाऱ्या विल्यम बेव्हर्लीने शेवटी पानं उलगडून आतून नट्या प्रकट होणारा देखावा केला आणि मग प्रत्येकालाच तसा शेवट हवा झाला. एच. जे. बायरनने १८६१ मध्ये अलादीनच्या आईला विडो ट्वँकी केलं, ती आजही तुमच्या पँटोत असेल. १८७९ पासून ड्रूरी लेन चालवणाऱ्या ऑगस्टस हॅरिसने म्युझिक हॉलचे, म्हणजे गाण्या-विनोदाच्या करमणूकगृहांचे, तारे आणले. डॅन लेनो १८८८ पासून तिथे दरवर्षी डेम म्हणजे म्हातारी करायचा. हार्लेक्विनचा पाठलाग तोवर शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांपुरता उरला होता, तोही गेला. 'जिन!' ओरडणारी गॅलरी मात्र गेली नाही. तुमची मुलं ओरडतात ते त्याच घराण्यातलं.

यंत्रांसाठी तीन जागा सांगतो. तुम्हाला सर्वांत जवळचं अलेक्झांड्रा पॅलेस थिएटर, १८७५ चं, २०१८ मध्ये पुन्हा उघडलं. रंगमंचाखालची लाकडी यंत्रणा तिथे बरीच टिकून आहे. ब्रिस्टल ओल्ड व्हिकमध्ये छताच्या वर लाकडी पन्हळी आहेत, त्यांतून तोफेचे गोळे सोडत आणि खाली प्रेक्षकांच्या डोक्यावर मेघगर्जना होई. आणि आयल ऑफ मॅनला डग्लसच्या गेटी थिएटरमध्ये दुरुस्त केलेला कॉर्सिकन ट्रॅप आहे. हा १८५२ मध्ये चार्ल्स कीनच्या 'द कॉर्सिकन ब्रदर्स'साठी निघाला. भूत जमिनीतून वर येता येता आडवं सरकत जातं, पाऊल न उचलता.

विंगेतून

थेम्सकाठी, अलेक्झांड्रा पॅलेसला गेलात तर तळघरातल्या ढोलांचे, म्हणजे दोर गुंडाळायच्या लाकडी रुळांचे, फोटो टाका. दोर कुठून कुठे जातो ते दिसेल असे. एका ढोलावर किती दोर बांधलेत, तेही मोजा.

थेम्सकाठी

नक्की. आत सोडतात का विचारते आधी.